बेंगळुरूच्या गच्चीवरचा बंब

बेंगळुरूची मेट्रो विजयनगर, जयनगर या भागांत उंच खांबांवरून धावते. खिडकीशी जागा मिळाली, तर शहराच्या गच्च्या एकामागून एक डोळ्यांखालून सरकत जातात. वाळत घातलेले कपडे, कुंड्यांतली तुळस, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि घरामागून घरावर दिसणारी आणखी एक वस्तू. दक्षिणेकडे तोंड करून तिरपी बसवलेली काचेची किंवा नळ्यांची चौकट आणि तिच्या माथ्यावर आडवे ठेवलेले पिंप. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला वाटते, ही वीज तयार करणारी पॅनल असावीत. पण यातून विजेचा एक थेंबही निघत नाही. हा बेंगळुरूचा बंब आहे. लाकडाऐवजी उन्हावर चालणारा.

बागांचे शहर, संगणकाचे शहर, वाहतूक कोंडीचे शहर अशी बेंगळुरूची अनेक नावे आहेत. सौर बंबांचे शहर हे नाव त्या मानाने कमी ऐकू येते. पण घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीने या शहरात पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले, तर लालबागेच्या जोडीने या गच्च्यांकडेही बोट दाखवावे लागेल. विजेचे बिल नेमके कुठे वाढते आणि कुठे कमी होते, याचे उत्तर तिथे मिळते.

पहाटेचे गरम पाणी

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 15-16 अंशांपर्यंत उतरतो आणि पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही हवा गारच असते. मुंबईकराला थंड पाण्याची आंघोळ चालून जाते. इथे बाराही महिने गरम पाणी लागते. कन्नडमध्ये त्याला ‘बिसि नीरु’ म्हणतात.

जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात चुलीवर बसवलेला तांब्याचा मोठा हंडा असे. कन्नडमध्येही त्याचे नाव ‘हंडे’च. खाली नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेली लाकडे पेटवायची आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या. या हंड्याचा इथे सणसुद्धा असतो. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडा घासूनपुसून, सजवून, पाण्याने भरून ठेवतात. त्याला ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगाला तेल लावून त्याच पाण्याने आंघोळ होते. आपल्याकडच्या अभ्यंगस्नानाची ही जणू आदल्या दिवशीची तयारी.

पुढे घरे लहान झाली, चूल गेली, धूर नकोसा झाला आणि हंड्याच्या जागी भिंतीवर विजेचा गीझर आला. बटण दाबले की पाणी तयार. सोय झाली, पण तिची किंमत बिलात दिसू लागली.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चार माणसांच्या कुटुंबाला आंघोळीसाठी साधारण 100 लिटर गरम पाणी लागते असे धरू. नळाचे पाणी 22 अंशांवरून 42 अंशांपर्यंत तापवायला सव्वादोन ते अडीच युनिट वीज लागते. महिन्याचे झाले सुमारे 70 ते 75 युनिट. उलट, 9 वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला, तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. तो दिवा महिनाभर जळून जेवढी वीज घेतो, तेवढी 2,000 वॅटचा गीझर चाळीस मिनिटांत संपवतो. घरोघरी वडीलधारी मंडळी दिवे विझवत फिरतात आणि ते चांगलेच आहे. पण खरा खर्च न्हाणीघराच्या दाराआड चाललेला असतो.

सारे शहर एकाच वेळी, सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, पाणी तापवू लागते. घरोघरच्या या गीझरचा भार वीजयंत्रणेवर सकाळीच येऊन पडतो, तोही सूर्य पुरता वर येण्याआधी.

5 ऑगस्ट 1905

या शहरात वीज आली त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. म्हैसूर संस्थानने दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजघर उभारण्याची योजना आखली. 1902 मध्ये ते सुरू झाले. त्याची पहिली वीज बेंगळुरूला मिळाली नाही. ती सुमारे 92 मैलांच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. इतक्या लांब वीज नेण्याची त्या काळी जगातही फारशी उदाहरणे नव्हती.

खाणींपाठोपाठ शहराची पाळी आली. 5 ऑगस्ट 1905 रोजी आज जिथे के. आर. मार्केट आहे, त्या भागात विजेचे पथदिवे लागले. भारतात विजेचे दिवे पाहिलेल्या अगदी पहिल्या शहरांमध्ये बेंगळुरूची गणना होते. आज पहाटे त्या बाजारात गेले, तर झेंडू, शेवंती आणि मोगऱ्याच्या राशी दिव्यांच्या उजेडात लखलखताना दिसतात.

तेव्हा वीज ही नवलाई होती. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे, की ती आपण कशासाठी वापरतो, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. तो प्रश्न याच शहरातल्या एका शास्त्रज्ञाने विचारला.

वीज हवी की गरम पाणी?

मल्लेश्वरमच्या शेजारी भारतीय विज्ञान संस्थेचा झाडांनी भरलेला विस्तीर्ण परिसर आहे. जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीतून 1909 मध्ये ही संस्था स्थापन झाली. इथले प्राध्यापक अमूल्य रेड्डी मूळचे रसायनशास्त्रज्ञ. 1974 मध्ये त्यांनी ‘अस्त्र’ नावाचा विभाग सुरू केला. खेड्यांना आणि सामान्य घरांना उपयोगी पडेल असे तंत्रज्ञान घडवणे, हे त्याचे काम. कमी लाकडात जास्त स्वयंपाक करणारी आणि धूर कमी करणारी ‘अस्त्र ओले’ ही चूल तिथेच तयार झाली. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल.

1980 च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात विजेची वाढती मागणी भागवण्यासाठी मोठमोठ्या वीजप्रकल्पांच्या योजना पुढे आल्या. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित उलट्या बाजूने मांडले. माणसाला वीज नको असते. त्याला उजेड हवा असतो, गरम पाणी हवे असते, शेताला पाणी हवे असते. ती कामे कमी विजेत किंवा विजेशिवाय होत असतील, तर नव्या वीजघरांची गरजही तेवढी कमी होते. पाणी तापवण्यासाठी वीज वापरण्याऐवजी ऊन वापरावे, जुन्या दिव्यांऐवजी कमी वीज घेणारे दिवे लावावेत, असे साधे उपाय त्यांच्या आराखड्यात होते. 2006 मध्ये रेड्डी गेले. पण बेंगळुरूच्या गच्च्या पाहिल्या, की त्यांच्या म्हणण्यातला एक भाग तरी खरा करून दाखवला गेला, हे लक्षात येते.

गच्चीचा नियम

बेंगळुरूला वीज पुरवणारी सरकारी कंपनी ‘बेस्कॉम’ 2002 मध्ये स्थापन झाली. 2007 च्या सुमारास तिने ठरावीक आकारापुढच्या नव्या घरांना सौर बंब बसवणे सक्तीचे केले. बंब नाही, तर वीजजोडणी नाही. दंडुक्याच्या जोडीला गूळही होता. सौर बंब असलेल्या घराला दर युनिटमागे 50 पैसे आणि महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये सवलत अनेक वर्षे बिलातूनच मिळत असे. रक्कम लहान, पण ती दर महिन्याला बिलावर छापलेली दिसे. खरा फायदा अर्थातच वाचलेल्या युनिटांचा. पुणे महापालिकाही सौर यंत्रणा बसवणाऱ्या घरांना मिळकतकरात सवलत देते, तो याच जातीचा प्रयत्न.

या बंबात अवघड असे काही नाही. काळ्या पृष्ठभागावर ऊन पडते, आतले पाणी तापून हलके होते आणि वर चढून पिंपात जाते. पिंपाला जाड आवरण असल्याने दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहते. तीन-चार माणसांना 100 लिटरचा बंब साधारण पुरतो.

मात्र, बंब बसवला म्हणजे बिल आपोआप उतरले, असे होत नाही. वापरणाऱ्यांना तीन गोष्टी अनुभवाने कळतात. पहिली गोष्ट बोअरच्या पाण्याची. बेंगळुरूच्या अनेक भागांत ते जड असते. क्षारांचे थर नळ्यांत साचतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमटच येऊ लागते. ठरावीक काळाने सफाई करावीच लागते. दुसरी गोष्ट लांब नळाची. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या नळात रात्रभर थांबलेले थंड पाणी आधी बाहेर पडते. ते वाहू न देता बादलीत धरले, तर फरशी पुसायला आणि कुंड्यांना पुरते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग पडते. ढगाळ दिवसांसाठी पिंपात विजेची कॉइल बसवलेली असते. जून-जुलैत तिचे बटण एकदा दाबले जाते आणि नंतर बंद करायचे राहून जाते. मग सारे पिंप दिवसरात्र विजेवर तापत राहते आणि ऊन आले तरी त्याला तापवायला काही उरत नाही. अशा घराचे बिल साध्या गीझरपेक्षाही वाढते. म्हणून ते बटण गच्चीवर न ठेवता स्वयंपाकघरात, रोज नजरेस पडेल अशा जागी घेणे चांगले.

दोनशेची रेषा

2023 पासून बेंगळुरूच्या घरांत 200 हा आकडा फार महत्त्वाचा झाला. कर्नाटक सरकारने ‘गृह ज्योती’ योजना आणली. 5 ऑगस्ट 2023 रोजी कलबुर्गीत तिचा शुभारंभ झाला. शहरातले पहिले दिवे लागले होते त्याच तारखेला.

महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज मोफत, एवढेच अनेकांनी ऐकले. पण प्रत्येक घराला सरसकट 200 युनिट मिळाले नाहीत. 2022-23 या वर्षातला त्या घराचा मासिक सरासरी वापर काढून त्यावर 10 टक्के वाढवून दिले गेले. ज्या घराची सरासरी 150 होती, त्याचा हक्क 165 युनिटांचा. त्याने 190 वापरले, तर वरच्या 25 युनिटांचे पैसे त्याचे. पण वापर 200 च्या पुढे गेला, की त्या महिन्याचे सगळेच बिल भरायचे. युनिटचा दर सहा रुपये धरला, तर 201 युनिटांचे बाराशे रुपयांहून अधिक होतात. स्थिर आकार आणि कर वेगळे.

ज्यांच्या वापराची जुनी नोंद नाही, अशा नव्या घरांसाठी योजना जाहीर होताना राज्याची 53 युनिटांची सरासरी धरली गेली आणि हक्क 58 युनिटांचा ठरला. नोकरीसाठी पुण्या-नाशिकहून, सोलापूर-कोल्हापूरहून इथे येऊन नव्या घरात संसार थाटणाऱ्या कुटुंबांना हा फरक पहिल्याच बिलात कळतो.

म्हणून आता आंघोळीच्या 70 युनिटांना नवा अर्थ आला आहे. सौर बंब असलेले घर महिन्याला 130 युनिटांत सुखाने राहते. तेच घर गीझरवर गेले, की 200 च्या काठावर येऊन उभे राहते. त्यात पाहुणे आले, परीक्षेसाठी रात्रभर पंखे चालले, की तोल गेलाच.

योजना आली त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. 2023 मध्ये कर्नाटकात दुष्काळ पडला, धरणे भरली नाहीत, जलविद्युत घटली आणि ऑक्टोबरमध्ये विजेचा तुटवडा जाणवला. बिल शून्य आले, तरी वीज कुठून तरी आणावीच लागते, याची जाणीव तेव्हा झाली.

लाल फरशीची घरे

बेंगळुरूत पंखा लागत नाही, असे जुनी माणसे अभिमानाने सांगतात. त्याचा पुरावा पाहायचा असेल, तर बसवनगुडी आणि मल्लेश्वरमच्या आडरस्त्यांवर फेरफटका मारावा. 1898 च्या प्लेगनंतर दाट वस्तीतून बाहेर पडण्यासाठी वसवलेली ही उपनगरे. मल्लेश्वरममध्ये रस्त्यांना झाडांची नावे आहेत. मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा, संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा. उरलेल्या जुन्या घरांना मंगळुरी कौले, उंच छत, भिंतीच्या वरच्या बाजूला गरम हवा बाहेर जाण्यासाठी झरोके, पुढे पडवी आणि पायाला गार लागणारी लाल ऑक्साइडची घोटीव जमीन. घर थंड ठेवण्याचे काम भिंती, सावली आणि वारा मिळून करत. त्याचे बिल येत नसे.

आता ही घरे पाडून तिथे चार मजली इमारती उभ्या राहतात. भिंतीला भिंत लागते, झाडे जातात, काचा वाढतात. 24 एप्रिल 2016 रोजी बेंगळुरूचा पारा 39.2 अंशांवर गेला. एप्रिलमध्ये आता एअर कंडिशनरच्या दुकानांत गर्दी दिसते. दीड टनाचे यंत्र ताशी सुमारे एक युनिट घेते. रात्री आठ तास चालवले, तर पंचवीस रात्रींत एकट्या त्याचेच 200 युनिट होतात. सौर बंबाने वाचवलेले सारे असे शयनगृहात खर्च होऊन जाते.

अर्थात, जुने घर नसलेल्यालाही काही करता येते. विद्यारण्यपुरात वास्तुविशारद चित्रा विश्वनाथ यांचे मातीच्या ठोकळ्यांचे घर आहे. त्यासाठी माती तिथलीच, पायासाठी खणलेली वापरली. जाड मातीच्या भिंती आणि वाऱ्याला दिलेली वाट यांमुळे ते घर गार राहते. नवे घर बांधणाऱ्यांना हा एक रस्ता. बांधून झालेल्या घराच्या गच्चीला पांढरा रंग देणे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटईचा पडदा सोडणे, हा दुसरा आणि स्वस्त रस्ता.

गच्ची नसलेल्यांनी काय करावे?

सौर बंबाची गोष्ट तीस-चाळीस फुटांच्या भूखंडावरच्या घराला सोपी आहे. वीस मजली इमारतीत शंभर-दीडशे घरे आणि गच्ची एकच. तिथे सगळ्यांचे बंब मावत नाहीत. भाडेकरूची अडचण आणखी वेगळी. गच्ची मालकाची आणि बिल भाडेकरूचे. म्हणून घर भाड्याने घेताना पाणी किती वेळ येते, हे विचारतो, तसे न्हाणीघरात सौर पाण्याचा नळ आहे का आणि त्यातून खरोखर गरम पाणी येते का, हेही विचारावे.

मोठ्या इमारतींसाठी हीट पंप हा पर्याय आहे. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. तेवढेच पाणी तो गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तापवतो.

घरातल्या घरात करण्यासारख्या गोष्टीही थोड्या नाहीत:

• गीझर आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटे लावावा आणि सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात. प्रत्येकाने वेगळ्या वेळी तापवले, तर मधल्या वेळात पाणी निवते आणि तीच वीज पुन्हा लागते.

• जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. सर्वांत जास्त चालणारा आधी बदलावा.

• फ्रिज दिवसरात्र चालतो. तो घेताना किमतीबरोबर ताऱ्यांच्या पट्टीवर छापलेला वर्षाचा युनिटांचा आकडा वाचावा. ही पट्टी 2006 पासून आली.

• एसी लागलाच, तर 24 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. 2020 पासून नवे एसी मुळात 24 वरच लावून येतात. एका अंशाने सुमारे 6 टक्के वीज वाचते.

• टीव्हीचा सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करावा. 10 वॅट दिवसरात्र म्हणजे महिन्याला 7 युनिट.

बादलीतली वीज

बेंगळुरूत आणखी एक वीज आहे, जी मीटरवर दिसत नाही. ज्या शिवनसमुद्राच्या परिसरातून या शहराला वीज आली, त्याच परिसरातून कावेरीचे पाणी येते. वीज तारांवरून सहज धावत आली. पाणी मात्र चढवावे लागते. तोरेकाडनहळ्ळीपासून सुमारे 100 किलोमीटर अंतर आणि जवळजवळ 500 मीटर चढण, तीन टप्प्यांत पंपांनी पार होते. 1974 मध्ये या योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये पाचवा. तिथून इमारतीच्या हौदात आणि हौदातून पुन्हा पंपाने गच्चीवर. बेंगळुरूच्या बादलीत पाण्याबरोबर वीजही भरलेली असते. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले, टँकरच्या रांगा लागल्या, तेव्हा घरोघरी नळांना धार बारीक करणाऱ्या जाळ्या बसल्या. त्या जाळ्यांनी पाणी वाचवले, तशी न्हाणीघरातली वीजही वाचवली. कारण गरम पाणी कमी लागले.

संध्याकाळी मेट्रो परत निघते, तेव्हा गच्च्यांवरचे कपडे गोळा झालेले असतात. दिवसभर ऊन प्यालेली पिंपे अंधारात मुकाट्याने पहाटेची वाट पाहत असतात. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी हंडा भरून ठेवणाऱ्या आजीला हा प्रकार मुळीच नवा वाटला नसता. उद्याच्या आंघोळीची तयारी आज करून ठेवायची, एवढेच तर तीही करत होती. पुढच्या महिन्याचे बिल हातात पडेल, तेव्हा खालच्या रकमेआधी युनिटांचा आकडा पाहावा. त्यातले किती आंघोळीचे, किती वाऱ्याचे, किती उजेडाचे, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा कागदावर मांडावे. बचत कुठून सुरू करायची, ते तो कागदच सांगेल.